खोडींसकट देवापुढे

माझं माहेर नगरचं आणि सासर रत्नागिरीचं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ सालापासूनचं, त्यामुळे तिथे ख्रिस्ती माणसाचं कुणाला नवल नाही. देऊळ भरलेलं, गल्लीत आपली चार घरं, सणाला गर्दी. रत्नागिरीत आले आणि सगळंच उलटं झालं. मंडळी लहान, प्रत्येकाला प्रत्येकाच्या दुखण्याखुपण्याची खबर, आणि शेजार कोकणस्थांचा, भंडाऱ्यांचा, खारव्यांचा, मुसलमानांचा. श्रद्धा म्हणजे काय, हे मी पुस्तकांतून नगरला शिकले. माणसांतून शिकले ते रत्नागिरीत, आणि त्यातही सासरच्या माणसांच्या खोडींमधून. त्यातलं थोडं इथे मांडते.

१. अबोल माणसाचं मन त्याच्या प्रार्थनेत ऐकावं

आमच्याकडे रात्री जेवणाआधी कौटुंबिक उपासना होते. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक अध्याय आणि मग प्रार्थना. गीत आणि अध्याय आळीपाळीने सगळ्यांकडे यायचे. प्रार्थना मात्र सासरे होते तोवर त्यांचीच. आणि ती लांब असायची. आधी युद्ध चाललेले देश, मग सरकार, मग समुद्रात गेलेले खलाशी, मग रात्रीचा घाट उतरणारे एस.टी.चे ड्रायव्हर, मग आजारी माणसं त्यांच्या आजारासकट, आणि सर्वांत शेवटी घरचे. तोवर मुलं एक डोळा किलकिला करून आमटीच्या पातेल्याकडे बघत असायची.

लग्नानंतरचा माझा पहिला पावसाळा फार जड गेला. नगरच्या माणसाला कोकणातला पाऊस कळतच नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, मीठ पाणी सोडतं आणि ऊन म्हणून दिसत नाही. मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. एका रात्री खलाशी झाले, ड्रायव्हर झाले आणि सासरे म्हणाले, "प्रभू, आमच्या सूनबाईला उन्हाची सवय आहे. तिला धीर दे. तिची आई तिकडे एकटी असते, तिलाही सांभाळ." दुसऱ्या दिवशी जेवताना ते माझ्याशी नेहमीइतकंच बोलले, म्हणजे मीठ मागण्यापुरतं.

त्या रात्रीपासून मी ती यादी कान देऊन ऐकू लागले. घरात कोण कशाने बेचैन आहे, हे सासऱ्यांना सगळं ठाऊक असायचं. तोंडावर विचारणं त्यांना जमत नसे, देवाजवळ बोलणं जमायचं. त्यामुळे आज आमच्याकडे प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची, असा माझा आग्रह असतो. मुलगा परीक्षेबद्दल माझ्याशी बोलत नव्हता, ते सगळं तिथे बोलला.

२. परंपरेत उगाच सुधारणा करू नये

सासूबाईंचा नाताळचा केक वाळूवर भाजला जायचा. घरी ओव्हन आला, त्यात पापड भाजले, शेंगदाणे भाजले, पण केक वाळूवरच.

आणि वाळूही कुठलीही चालत नसे. रत्नागिरीत काळा समुद्र आहे मांडवीचा आणि पांढरा समुद्र आहे मिरकरवाड्याच्या अंगाला. सासूबाईंना पांढऱ्या समुद्राचीच वाळू हवी. डिसेंबर लागला की पिशवीभर वाळू यायची. ती चाळून शिंपल्यांचे तुकडे काढायचे, खारटपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायची, अंगणात जुन्या चादरीवर वाळवायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. केकच्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात चार बोटं वाळू, ती चांगली तापली की मधोमध केकचा डबा, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. रवा, लोणी, अंडी, ओलं खोबरं, जायफळ आणि घरचे काजू. भाजला गेला की नाही हे बघायला विणकामाची सुई.

घड्याळाकडे त्या बघत नसत. गीतं म्हणत असत. ठरलेली गीतं ठरलेल्या क्रमाने म्हणून झाली की निखारे बदलायचे, पुन्हा म्हणून झाली की सुई घालून बघायची. गीतं धिम्या चालीची असावी लागत. एकदा माझ्या धाकट्या नणंदेने एक द्रुत चालीचं गीत मध्येच सुरू केलं तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि म्हणाल्या, "अगं, कच्चा राहील ना!"

मी अजूनही केक वाळूवर भाजते. गीतं तीच, क्रमही तोच. ओव्हनमधला केक वाईट होतो असं नाही, पण त्यात गाणं लागत नाही.

३. सोडायचं तर आवडीचं सोडावं

पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस आम्ही काहीतरी सोडतो. सासरे मासे सोडायचे. रत्नागिरीच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, ते मला बांगड्यांचं तिखलं खाऊ लागल्यावर कळलं. गंमत अशी की ते दिवस चालू असतानाही त्यांचा सकाळचा फेरा मिरकरवाड्यालाच असायचा. सुरमई किती आली, पापलेट काय भावाने गेलं, कुणाच्या जाळ्यात काय मिळालं, हा सगळा वृत्तान्त घरी येऊन सांगायचे आणि मग डाळभात जेवायचे. मी विचारलं, "बाबा, कशाला त्या बाजूला जाता?" तर म्हणाले, "न बघता सोडलं तर त्यात सोडलं काय?"

मी नगरची. मासे सोडणं मला मुळीच अवघड नव्हतं. म्हणून मी चहा सोडते.

४. मुलांना झावळ्या खेळू द्याव्यात

झावळ्यांच्या रविवारी नगरला झावळ्या मिळवताना धावपळ व्हायची. इथे प्रत्येकाच्या परड्यात माड. मुलं मोठाल्या झावळ्या ओढत आणतात, मिरवणुकीत गीत म्हणतात आणि उपासना संपली की अंगणात त्याच झावळ्यांच्या तलवारी करतात. मोठी माणसं ओरडतात. मी ओरडत नाही. येशूच्या यरुशलेमेतल्या मिरवणुकीनंतर मंदिरात मुलं घोष करत होती, असं शुभवर्तमान सांगतं, आणि मिरवणुकीत ती गप्प उभी राहिली असतील असं मला वाटत नाही.

५. जोडीदाराच्या खोडी प्रेमाने आणि मोठ्याने सांगाव्यात

हे मी लक्ष्मीबाई टिळकांकडून शिकले. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. पुढे त्यांची कर्मभूमी झाली नगर. म्हणजे ते इकडून तिकडे गेले आणि मी तिकडून इकडे आले. या नात्याने मला ते दोघे घरचेच वाटतात.

टिळक मोठे कवी, फुलांचे आणि मुलांचे. पण संसारी माणूस म्हणून लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये जे टिळक उभे केले आहेत, ते बघा: क्षणात तापणारे, क्षणात विरघळणारे, हातात पैसा न टिकणारे, घरात काय शिल्लक आहे याचा विचार न करता माणसं आणणारे. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता. त्या बाईवर आभाळ कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. नंतर त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी स्वतःचं सोवळंओवळं धरूनच. आणि जात देवाने केलेली नाही हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हाच त्यांनी ते सोडलं. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. कुणी ओढून नेलं म्हणून नव्हे. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईने ते पुढे लिहून पुरं केलं.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने छापून आलं. इतकं सोसलेल्या बाईच्या लिहिण्यात कडवटपणाचा थेंब नाही. नवऱ्याची प्रत्येक खोड ती सांगते, आणि वाचणाऱ्याला त्या माणसाचा लळा लागतो. संसारावरचं इतकं प्रामाणिक पुस्तक मराठीत दुसरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या यांच्या रविवारच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. उपासनेच्या आधी देवळात जाऊन पंखे, दिवे आणि माइक तपासल्याशिवाय यांना चैन पडत नाही. उपदेश चालू असताना पंख्याने जरा आवाज केला की यांची मान वर. सुरुवातीला मला वाटायचं, यांचं लक्ष वचनाकडे नाही. मग एका उन्हाळ्यात पाहिलं, प्रत्येक म्हातारं माणूस ज्या बाकावर बसतं, नेमका त्याच बाकावरचा पंखा हे आधी तपासतात. आता मी ही गोष्ट यांच्यासमोर, सगळ्या पाहुण्यांना सांगते.

६. बेसूर गाणाऱ्याच्या शेजारी बसावं

आमच्या आत्येसासूबाईंचा आवाज मोठा आणि चाल स्वतःची. पेटी एका वाटेने, आत्याबाई दुसऱ्या. पण प्रत्येक गीताचं प्रत्येक कडवं त्यांना तोंडपाठ. वीज गेली की पुस्तक कुणाला दिसत नाही, आणि तेव्हा आख्खी मंडळी त्यांच्या मागून गाते. रत्नागिरीत पावसाळ्यात वीज पुष्कळदा जाते.

आमची भजनं टाळ, पेटी आणि तबल्यावर चालतात. ओवी, अभंग, कीर्तन या सगळ्यांतून ख्रिस्ताची भक्ती करायला टिळकांनी आम्हाला शिकवलं. आणि त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं, तेही मराठी ओव्यांत. कुणी मला "तुमची प्रार्थना इंग्रजीत असते का?" असं विचारलं की मी त्यांना आत्याबाईंच्या शेजारी आणून बसवते.

७. लहान मंडळीत भांडण फार दिवस ठेवता येत नाही

मोठ्या शहरात कुणाशी बिनसलं तर माणूस दुसऱ्या रांगेत बसतो, दुसऱ्या देवळात जातो. इथे कुठे जाणार? ज्याच्याशी अबोला, त्याच्याच हातून दानाची थाळी आपल्यापुढे येते. बाजारात तोच भेटतो, मयतीला तोच खांदा द्यायला येतो. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा आमच्याकडे अगदी अक्षरशः पाळावी लागते. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत एकमेकांकडे जाणंयेणं एकदम वाढतं. कुणी आंब्याचं लोणचं घेऊन येतं, कुणी नुसतं "सहज आले होते" म्हणतं. कारण दोन्ही घरांना ठाऊक असतं, बोलून कुणीच दाखवत नाही. चहा होतो, आणि सकाळी सगळे एका मेजाभोवती असतात.

८. "तुम्ही मूळचे कुठले?" याचं उत्तर हसून द्यावं

हा प्रश्न आम्हाला आयुष्यभर विचारला जातो, बहुतेक वेळा मायेनेच. सासऱ्यांना सनावळ्यांचा भारी नाद. ते ओटीवर बसून शांतपणे सांगायचे: स्कॉटिश मिशनरी बाणकोट आणि हर्णे भागात आले १८२३ मध्ये, 'ज्ञानोदय' नियतकालिक नगरहून निघायला लागलं १८४२ मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' कादंबरी आली १८५७ मध्ये, विधवांचं दुःख सांगणारी. विचारणारा तोवर दुसरा चहा घेत असायचा. शेवटी सासरे म्हणायचे, "आम्ही इथलेच. आंबा आमच्याही दारात आहे." माझ्या मुलांना या सनावळ्या पाठ आहेत, आणि त्या पाठ असायलाच हव्यात असं मला वाटतं. आपण इथले आहोत हे ज्याला ठाऊक असतं, त्याला रागावून बोलावं लागत नाही.

९. फराळाचं ताट रिकामं परत पाठवू नये

गणपतीत शेजारच्या वहिनींकडून उकडीचे मोदक येतात, दिवाळीत तीन-चार घरांचा फराळ, ईदला राजिवड्याहून शीरखुर्मा. नाताळला आमची पाळी: करंज्या, नानकटाई, चकल्या आणि वाळूवरचा केक. वहिनींच्या सासूबाई अंडं खात नसत. माझ्या सासूबाईंनी त्यांच्यासाठी बिनअंड्याचा छोटा केक वेगळ्या डब्यात, सर्वांत आधी भाजायचा, असा नेमच करून ठेवला होता. त्या आजी गेल्या, आता वहिनी अंडं खातात, तरी पहिला केक त्यांच्याकडेच जातो आणि तो बिनअंड्याचाच असतो.

अलीकडे बऱ्याच ठिकाणी नाताळच्या शुभेच्छा मोबाइलवरच येतात. छान असतात, पण एक विनंती करते. तुमच्या आळीत एखादं ख्रिस्ती घर असेल तर येत्या पंचवीस डिसेंबरला तिथे प्रत्यक्ष जा. मुलांना घेऊन जा, लांब प्रार्थना चालू असेल तर दोन मिनिटं ओटीवर बसा. आमच्याकडे यायचं झालं तर सकाळी नको, सकाळी आम्ही सगळे देवळात असतो. बारानंतर या, आणि जेवूनच जा.