शिबिराची चूल आणि चिडाचे झाड

हिमालयातील पदभ्रमणासाठी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची पथके उत्तराखंड व हिमाचल प्रदेशात जात असतात. तेथे सुमारे ५०० ते २,००० मीटर उंचीवर चिडाची विस्तीर्ण वने आहेत. हे लाकूड चुलीस योग्य आहे काय व पानांचा काढा प्यावा काय, हे प्रश्न शिबिरप्रमुख शिक्षकांपुढे साहजिकच उभे राहतात.

चिडाच्या लाकडात राळ विपुल असते. टर्पेंटाइन व रोझीन यांचे उत्पादन याच राळेपासून होते. राळेमुळे लाकूड चटकन पेट घेते. म्हणून चूल पेटविण्यास त्याच्या ढलप्या उत्तम होत. तथापि ते भराभर जळते, ठिणग्या उडविते व त्याचा निखारा फार वेळ टिकत नाही. झाकणाच्या भांड्यात भात-आमटी शिजविण्यास हरकत नाही. मात्र त्याच्या ज्योतीवर भाकरी किंवा कणसे भाजू नयेत; काजळी व राळेचा उग्र वास अन्नास लागतो. खोक्यांचे रंगविलेले अथवा रसायन लावलेले लाकूड तर चुलीत मुळीच घालू नये.

काढ्याची परंपरा जुनी आहे. १५३५-३६ च्या हिवाळ्यात कॅनडात फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए याच्या खलाशांना स्कर्व्ही रोग जडला, तेव्हा स्थानिक लोकांनी दाखविलेल्या सूचिपर्णी वृक्षाच्या काढ्याने ते बरे झाले. अशा पानांत क जीवनसत्त्व असते. परंतु प्रत्येक सूचिपर्णी वृक्ष निर्धोक नसतो. हिमालयातच अधिक उंचीवर आढळणारा थुनेर विषारी असून त्याच्या पानांतील विष उकळूनही जात नाही. त्याने हृदयक्रिया बंद पडू शकते. चिडाच्या लांब पानांचे तीन-तीनचे झुबके असतात, कैलाचे पाच-पाचचे. थुनेराची पाने आखूड, चपटी व सुटी असतात. ओळख निश्चित नसेल तर काढा करू नये. गरोदर स्त्रियांनी तो घेऊच नये. कोकणातील सुरू चिडासारखा दिसला तरी तो त्या कुळातील नव्हे.

सर्वांत मोठा धोका वणव्याचा होय. उन्हाळ्यात चिडाची वाळलेली पाने जमिनीवर साचतात. एक ठिणगीही पुरेशी ठरते. राखीव वनात विनापरवाना आग पेटविणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. म्हणून शिबिरप्रमुखांनी शक्यतो स्टोव्ह सोबत न्यावा. परवानगीने चूल मांडलीच, तर भोवतालची पाने झाडून काढावीत व निघताना राख हातास गार लागेपर्यंत पाणी ओतावे.