मांजराच्या पिसवा आणि गोठ्यातील औषध

सुगी संपून धान्याची पोती घरात आली की त्यामागून उंदीर येतात आणि मांजराची किंमत कळते. पुढे त्याच मांजराच्या अंगावर पिसवा होतात, मुले खाजवू लागतात आणि घरातील कोणीतरी गोठ्याच्या फळीवरची गोचिडाच्या औषधाची बाटली काढतो. जे बैलाला चालते ते मांजराला का चालू नये, असा त्यामागे हिशेब असतो. हा हिशेब मांजराच्या जिवावर बेततो.

मी पिकांचा अभ्यासक, पशुवैद्यक नव्हे. पण ही चूक आमच्याच घरी झाली. सकाळी कुत्र्याचे औषध मांजराच्या मानेवर टाकले. संध्याकाळी त्याचे कान फडफडू लागले, तोंडातून लाळ गळू लागली आणि रात्री झटके आले. उपचार मिळाले म्हणून ते वाचले.

गोचीड, पिसवांवरच्या अनेक औषधांत परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हे घटक असतात. कीटकांच्या मज्जातंतूंवर त्यांचा मारा असतो. गाय, बैल, कुत्रा यांचे यकृत हे विष लवकर निकामी करते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी एक क्रिया फार दुबळी असते, त्यामुळे विष शरीरात रेंगाळते. शिवाय मांजर अंग चाटते. कातडीवरचे औषध पोटातही जाते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन ५० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे १ मि.लि. मध्ये सुमारे ५०० मि.ग्रॅ. मांजर ३ किलोचे धरले तर किलोमागे १६० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त झाले. किलोमागे १०० मि.ग्रॅ. मात्रेनेही मांजरे दगावण्याच्या बेताला आल्याच्या नोंदी आहेत. कुत्र्याला असे औषध लावले असेल तर दोन-तीन दिवस मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये.

लक्षणे काही तासांत दिसतात, कधी दुसऱ्या दिवशीही. लाळ, कान व कातडीची थरथर, लटपटणे, आवाजाने दचकणे, मग झटके. अशा वेळी मांजराला कोमट पाण्याने, भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने धुवावे. गरम पाण्याने औषध कातडीतून जास्त शोषले जाते. थंड पाण्याने अंग गार पडले की थरथर वाढते. धुऊन लगेच कोरडे करून पोत्यात किंवा गोधडीत गुंडाळावे. झटके येत असतील तर धुण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. दूध, तेल पाजू नये, ओकारी काढू नये. बाटली मात्र सोबत न्यावी, कारण मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस या गटाच्या विषबाधेवर अॅट्रोपीन हा उतारा आहे. या गटाला तसा खास उतारा नाही. येथे थरथर व झटके आवरण्याची औषधे आणि सलाईन यांवरच भर असतो. दोन-तीन दिवस निभावले तर बहुतेक मांजरे उठतात.

मग पिसवांचे काय करावे? मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या व कोष अंथरुणात, पोत्यांखाली आणि भेगांत असतात. झोपण्याची गोणी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावी, कोपरे झाडून कचरा जाळावा. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात झटकाव्यात. लहान पिलांना हाच उपाय बरा. मोठ्या मांजरासाठी मांजराकरिताच बनविलेले फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन वजन सांगून पशुवैद्यकाकडून घ्यावे. पिकावर फवारण्याचे फिप्रोनिल पातळ करून वापरू नये. त्यातील इतर घटक जनावराच्या अंगासाठी नसतात. अमित्राझ आणि फरशी पुसण्याचे फिनाईलही मांजरापासून दूरच ठेवावे. कडुनिंबाचे तेलही चाटले जाते, तेव्हा घरगुती म्हणून ते निर्धास्तपणे चोळू नये.