चावडीवरची आपली माणसं

या धड्यात काय आहे: समाजातलं कुणी निवडून आलं, नगराच्या कामात पुढे गेलं, तर त्याचा आनंद कसा साजरा करावा? मुंबईचे महापौर डॉ. एलाय्जा मोझेस आणि सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल या दोघांच्या आधारे या प्रश्नाचा अभ्यास करायचा आहे. मोठ्यांनी धडा वाचून दाखवावा. मुलांनी शेवटच्या प्रश्नांची उत्तरं मराठीत बोलून द्यावीत.

१. वेस, चावडी आणि मुक्कादम

रूथच्या पुस्तकात बोआझ आपलं काम घेऊन कुठे जातो? नगराच्या वेशीत. तिथे तो दहा वडीलधाऱ्यांना बसवतो आणि त्यांच्यासमोर व्यवहार पक्का करतो. त्या काळी नगराची वेस म्हणजे फक्त येण्या-जाण्याचा दरवाजा नव्हता. न्यायनिवाडा, साक्ष, करार, सगळं तिथेच होत असे. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या गावात हेच काम चावडीवर चालत असे.

बेने इस्राएल समाज नवगाव, किहीम, पेण, रोहा अशा गावांत राहिला आणि गावांवरूनच त्याची आडनावं पडली. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. समाजाची स्वतःची व्यवस्थाही होती. जमातीचा प्रमुख तो मुक्कादम. त्याच्या जोडीला चौगुले. पैशांचा हिशेब ठेवणारा गब्बाई. धार्मिक विधी करणारा काझी किंवा हज्जान. मुक्कादम आणि चौगुला हे शब्द हिब्रू नाहीत, ते इथल्याच गावगाड्यातले आहेत. म्हणजे समाजाने आपला कारभार चालवायला शेजाऱ्यांची भाषा घेतली. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मांडवी भागात पहिलं प्रार्थनालय बांधलं. त्यालाही लोक ‘जुनी मशीद’च म्हणत आले.

मुक्कादमाचा निवाडा मात्र जमातीपुरता असे. भांडण आपल्याच दोन घरांतलं, दंड आपल्याच पेटीत. शहराच्या कारभारात बसणं ही वेगळी गोष्ट. तिथे निर्णय परक्या वाटणाऱ्या लाखो लोकांसाठी घ्यायचा असतो आणि निवडून देणारेही तेच असतात.

२. मुंबई, १९३७

मुंबईत महालक्ष्मीहून वरळी नाक्याकडे जाताना एक मोठा रस्ता लागतो. त्याचं नाव डॉ. ई. मोझेस मार्ग. रोज हजारो माणसं या रस्त्याने जातात. ‘मोझेस’ म्हणजे कोण, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं.

डॉ. एलाय्जा मोझेस राजपूरकर हे बेने इस्राएल. पेशाने डॉक्टर. १९३७-३८ या वर्षी ते मुंबईचे महापौर होते. त्या वेळी महापौराची निवड दरवर्षी होत असे आणि ती नगरसेवक करत. नगरसेवकांना निवडून देणारे मतदारही मर्यादित होते, कारण प्रत्येक प्रौढाला मत असण्याचा काळ अजून यायचा होता. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. अकरा लाखांच्या वर वस्ती असलेल्या त्या शहरात बेने इस्राएल जेमतेम काही हजार होते. फक्त आपल्या लोकांच्या बळावर त्यांच्यातला कुणीही त्या खुर्चीपर्यंत पोहोचू शकला नसता. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सदस्यांनी हात वर केले, म्हणून मोझेस महापौर झाले.

आता त्याच वर्षी जगात दुसरीकडे काय चाललं होतं ते पाहा. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले आणि जर्मनीतल्या यहुद्यांचं नागरिकत्वच गेलं. मताचा हक्कही गेला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या डॉक्टर-वकिलांना स्वतःच्या गावाच्या कारभारात बोलण्याची सोय उरली नाही. आणि दोन वर्षांच्या आत मुंबईत एक यहुदी डॉक्टर शहराच्या पहिल्या खुर्चीवर बसला. हे दोन्ही एकाच काळातले प्रसंग आहेत. मोझेस यांच्या निवडीचं मोल नीट कळायला ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात.

एलाय्जा हे नाव म्हणजे एलियाहू. शुभकार्यात किंवा नवस फेडताना ज्या एलियाहू हन्नाबीची आठवण काढून मलीद्याचं ताट मांडतात, त्याचंच नाव या महापौरांना होतं. ताटात पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं असतात. ताट मांडणारं घर आभार मानतं आणि मग तो मलीदा सगळ्यांना वाटतं. एकट्याने खायचा तो मलीदा नव्हे.

३. सिंगापूर, १९५५

आता समुद्र ओलांडून इकडे येऊ. सिंगापूरचा जुना यहुदी समाज बेने इस्राएल नव्हे, बहुतांशी बगदादहून आलेल्या घरांचा. वॉटर्लू स्ट्रीटवरचं १८७८ सालचं त्यांचं प्रार्थनालय म्हणजे मागेन अबोथ, म्हणजेच ‘पूर्वजांची ढाल’. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या प्रार्थनालयाचं नावही मागेन अबोथच आहे. दोन बंदरं, दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं, पण नाव एकच.

डेव्हिड मार्शल यांचा जन्म १९०८ साली सिंगापुरात झाला. घराण्याचं मूळ नाव ‘मशाल’, पुढे त्याचं इंग्रजी वळणाचं ‘मार्शल’ झालं. ते वकील होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे कैदी झाले आणि त्यांना होक्काइदोला मजुरीसाठी नेण्यात आलं. एप्रिल १९५५ च्या निवडणुकीत त्यांच्या लेबर फ्रंटने निवडून द्यायच्या २५ जागांपैकी १० जिंकल्या. इतरांना सोबत घेऊन सरकार बनलं आणि मार्शल सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले.

खुर्ची मिळाली, पण ती मऊ नव्हती. इंग्रज गव्हर्नरच्या काळात मुख्यमंत्र्याला धड कचेरीही नव्हती. सुरुवातीला त्यांच्या वाट्याला जिन्याखालची लहानशी खोली आली. पदावर बसून काही आठवडे होतात न होतात तोच हॉक ली बस कंपनीच्या संपातून दंगल पेटली आणि माणसं मेली. चिनी शाळांचा प्रश्न धुमसत होता. त्यासाठी सर्वपक्षीय समिती नेमली गेली. तिने १९५६ च्या अहवालात मलाय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी या चार भाषांच्या शिक्षणाला समान वागणूक द्यावी, असा मार्ग सुचवला. आपली भाषा मुलांनी शिकावी म्हणून आठवड्यातला एक वेळ काढणाऱ्या वर्गाला या अहवालाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मार्शल यांनी लोकांना शब्द दिला होता की लंडनहून पूर्ण स्वशासन आणीन, नाही तर पद सोडीन. १९५६ ची बोलणी फिसकटली. जून महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता, त्यांनी शब्द पाळला. पुढे १९५७ मध्ये त्यांनी वर्कर्स पार्टी स्थापन केली, १९६१ मध्ये ॲन्सनची पोटनिवडणूक जिंकली आणि १९६३ मध्ये अपक्ष म्हणून उभे राहून ते हरले. त्यानंतर ते कधीही निवडून आले नाहीत. स्वतंत्र सिंगापूरचे राजदूत म्हणून मात्र त्यांनी १९७८ पासून पंधरा वर्षं फ्रान्समध्ये काम केलं.

४. पुंगोलची रांग

पुंगोलमध्ये राहणाऱ्या मुलांनी एक दृश्य नक्की पाहिलं असेल. संध्याकाळी ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या मजल्यावर टेबलं मांडली जातात, प्लास्टिकच्या खुर्च्या लागतात. हातात कागद घेऊन लोक बसलेले असतात. कुणाचा घराचा प्रश्न, कुणाचा नोकरीचा, कुणाला दंडाची नोटीस आलेली. आत खासदार आणि स्वयंसेवक एकेकाचं म्हणणं ऐकून संबंधित खात्याला पत्र लिहून देतात. ही ‘मीट द पीपल’ भेट.

ही प्रथा सुरू केली डेव्हिड मार्शल यांनी, १९५५ मध्ये, मुख्यमंत्री असताना. लोकांनी साहेबाकडे अर्ज करत बसू नये, साहेबाने लोकांसाठी वेळ राखून ठेवावा, ही साधी कल्पना. ज्यांनी त्यांना हरवलं, ज्यांचे त्यांच्याशी कडाक्याचे वाद झाले, त्या सगळ्यांनी ती पुढे चालवली. २०२५ च्या निवडणुकीत पुंगोलचा स्वतःचा चार जागांचा गट मतदारसंघ झाला. मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, ब्लॉक नवे, माणसं नवी. रांग मात्र तीच.

मार्शल मुख्यमंत्री होते जेमतेम चौदा महिने. पण त्यांनी मांडलेलं टेबल आज सत्तर वर्षांनंतरही मांडलं जातं. त्या रांगेत बसलेल्या आजींना ते टेबल पहिल्यांदा कुणी मांडलं हे ठाऊक नसतं, आणि त्यांचं काम त्यामुळे अडतही नाही.

५. मग आनंद कसा करावा?

घरातले वडीलधारे पुष्कळदा म्हणतात, ‘फार गाजावाजा नको, दृष्ट लागेल.’ ही भीती पोकळ नाही. लहान समाजाचा माणूस पुढे गेला की त्याच्याकडे समाजाचा माणूस म्हणूनच पाहिलं जातं. त्याची चूक झाली तर बोट सगळ्यांकडे वळतं. तरुण उलट म्हणतात, ‘आपणच आपल्या माणसाचं कौतुक केलं नाही, तर नाव रस्त्याच्या पाटीवर राहील आणि ओळख पुसली जाईल.’ डॉ. मोझेस मार्गाकडे पाहिलं तर तरुणांचंही खरं आहे.

एस्तेरच्या पुस्तकाचा शेवट इथे उपयोगी पडतो. मोर्दखाय राजाच्या दरबारात मोठ्या पदाला पोहोचतो. पण तो सगळ्या बांधवांना प्रिय झाला असं तिथे म्हटलेलं नाही, बहुतेकांना झाला असं म्हटलं आहे. तलमूदमधल्या गुरूंनी या एका शब्दावर विचार केला. त्यांच्या मते काही विद्वान त्याच्यापासून दूर गेले. म्हणजे कारभारात शिरलेल्या माणसावर आपलेही सगळे खूष नसतात, हे पुरिमच्या आनंदाच्या पुस्तकातच लिहून ठेवलं आहे.

शब्बाथच्या सकाळी अनेक ठिकाणी म्हटल्या जाणाऱ्या एका आशीर्वादात सार्वजनिक काम करणाऱ्यांची आठवण काढतात. पण त्याला एक अट जोडलेली आहे: काम प्रामाणिकपणे केलं पाहिजे. आशीर्वाद पदाला नाही, तर कामाला आहे. यिर्मयाने बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र पाठवलं, त्यातही हाच सूर आहे. घरं बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात राहता त्याचं भलं इच्छा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे.

या सगळ्यातून सत्कारासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवता येतात.

पहिली: हार घालताना ‘आपला माणूस निवडून आला’ एवढंच म्हणू नये. ‘शेजाऱ्यांनी आपल्या माणसावर विश्वास टाकला’ असंही म्हणावं. शक्य असेल तर त्या शेजाऱ्यांनाही बोलवावं. मलीदा सगळ्यांना वाटायचा असतो.

दुसरी: सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात खासगी काम घेऊन उभं राहू नये. आपलं काम असेल तर इतरांसारखं रांगेत बसावं. आपल्या माणसाची मान ताठ राहावी, अशी इच्छा असेल तर त्याच्यावर आपलं ओझं टाकू नये.

तिसरी: हरलेल्यालाही बोलवावं. मार्शल १९६३ मध्ये हरले, म्हणून त्यांचं १९५५ चं काम खोटं ठरलं नाही. इमारतीच्या रहिवासी समितीत लिफ्टच्या दुरुस्तीसाठी पाठपुरावा करणारी, कधी कुठल्या पाटीवर नाव न आलेली मावशीही या सत्काराची मानकरी आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदावर समाज किती लहान आहे, याची ती नोंद. त्याच महाराष्ट्राच्या राजधानीत एका मोठ्या रस्त्यावर महापौर मोझेस यांचं नाव आहे. मुलांनी या दोन्ही गोष्टी सोबतच लक्षात ठेवाव्यात.

शब्दार्थ

चावडी – गावाच्या कारभाराची जागा
मुक्कादम – जमातीचा प्रमुख
महापौर – शहराच्या महानगरपालिकेचा पहिला नागरिक
नगरसेवक – महापालिकेत निवडून आलेला सदस्य
अपक्ष – कोणत्याही पक्षातर्फे नव्हे, स्वतःच्या नावावर उभा राहिलेला उमेदवार
पाठपुरावा – काम होईपर्यंत चिकाटीने मागे लागणं
मानकरी – ज्याला मान मिळायला हवा तो

चर्चेसाठी प्रश्न

१. डॉ. मोझेस फक्त आपल्या समाजाच्या बळावर महापौर का होऊ शकले नसते? मग त्यांचं यश कुणाचं?
२. मार्शल यांनी राजीनामा दिला, ही हार की जीत? दोन्ही बाजूंनी दोन-दोन वाक्यं बोला.
३. ‘दृष्ट लागेल’ असं म्हणणारे आजोबा आणि ‘ओळख पुसली जाईल’ असं म्हणणारी नात यांच्यातला संवाद दोघांनी मिळून करून दाखवा.

घरी करण्यासाठी

आपल्या ब्लॉकमध्ये ‘मीट द पीपल’ भेट कोणत्या दिवशी आणि कुठे असते ते शोधा. मग घरातल्या मोठ्यांना विचारा: आपल्या आजोळी किंवा गावी पंचायतीत, नगरपालिकेत, सोसायटीत किंवा प्रार्थनालयाच्या समितीत काम केलेलं कुणी होतं का? त्यांनी केलेलं एक काम मराठीत पाच वाक्यांत लिहून पुढच्या वर्गाला आणा. पदाचं नाव शेवटच्या वाक्यात लिहा, काम पहिल्या वाक्यात.