मचूळ विहीर आणि उन्हावरचे गोडे पाणी



उन्हाळ्यात गटांतून फिरताना एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, विहिरीचं पाणी मचूळ झालंय, उन्हावर गोड करता येईल का?" करता येईल, पण उसासाठी नव्हे, हे आधीच सांगतो. तीन इंचांची एक पाळी म्हणजे एकराला तीन लाख लिटर पाणी, आणि काचेच्या पेटीतून चौरस मीटरला दिवसाकाठी मिळते फार तर तीन-साडेतीन लिटर. तेव्हा ही गोष्ट पिण्याच्या पाण्याची आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीची.

रीत साधी आहे. काळा रंग दिलेला उथळ हौद, त्यात दोन बोटे पाणी, वर दक्षिणेकडे उतरती काच, तळाखाली कोरड्या भुशाचा थर. वाफ काचेला आतून लागते, थेंब पन्हळीत उतरतात, मीठ हौदात राहते. चिलीच्या आटाकामा वाळवंटात लास सालिनास येथे १८७२ साली खाणीवरच्या खेचरांसाठी सुमारे ४,७०० चौरस मीटर काचेचे असे केंद्र उभारले होते. चांगल्या दिवशी २२ हजार लिटरवर पाणी निघे.

मेख आहे ती महिन्यांची. पेटी बहुधा टंचाईत, म्हणजे मे महिन्यात बांधली जाते आणि हिशोबही तेव्हाचाच धरला जातो. सोलापूरच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, दिवस तेरा तासांचा. २२ डिसेंबरला तो दुपारीही ४९ अंशांपर्यंतच चढतो, दिवस अकरा तासांचा. ऊन तिरपे पडून पसरते, त्यात रात्रभर गारठलेले पाणी तापायलाच निम्मी सकाळ जाते. मेमध्ये तीन लिटर देणारी पेटी डिसेंबरात दोनाच्या आसपास येते. घरात पिण्याला रोज १५ लिटर लागत असतील, तर मेच्या हिशोबाने पाच चौरस मीटर पुरतात; हिवाळ्याच्या हिशोबाने साडेसात लागतात. बांधायचीच तर साडेसाताची बांधा.

जुलै-ऑगस्टच्या ढगांत उत्पन्न घटते खरे, पण तेव्हा काचेच्या खालच्या कडेला बाहेरून दुसरी पन्हळ लावावी. १० मिलिमीटरची एक सर चौरस मीटरला १० लिटर देते, म्हणजे मेच्या तीन दिवसांची कमाई! पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, आणि पावसाचे पाणी बॅटरीत मुळीच घालू नये.

गळीत हंगामात गाडीरस्त्यालगतच्या काचेवर धुळीचा थर बसतो. आधीच ऊन कमी, त्यात धूळ. म्हणून रोज सकाळी काच पुसावी. हौद आठवड्याला रिकामा करून धुवावा. मात्र ते पाणी उसाच्या सरीत सोडू नये, ते विहिरीच्या पाण्याहून जास्त खारट असते.

— ऊस विकास अधिकारी