सड्यावर आधी खाली बसा

कोल्हापूर परिसरातल्या निसर्गमंडळांच्या रविवारच्या फेऱ्या आणि महिन्याकाठची व्याख्यानं यांत माझी बरीच वर्षं गेली. आता कागल, गारगोटी, मलकापूरकडची पोरं नवं मंडळ काढायचं म्हणून विचारायला येतात. त्यांना जे सांगतो, तेच इथं लिहितोय.

१. पहिली फेरी दाजीपूरला काढू नका.

गवा बघायची ओढ मला कळते. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरीचं अभयारण्य १९५८ पासूनचं, आपल्या जिल्ह्याचं भूषण. पण तिथं जाणं होतं वर्षातून एकदा, आणि तेवढ्यानं जंगलाचं काही कळत नाही. त्यापेक्षा रंकाळा तलाव धरा, कळंबा धरा. दर महिन्याला त्याच काठावर, त्याच वेळी जा. पांढऱ्या कपाळाचे वारकरी, टिबुकल्या, पाणकावळे मोजा. पावसाळा सरता सरता धोबी शेपटी हलवत काठावर उतरतो. तो कोणत्या आठवड्यात आला ते लिहा. जलपर्णी वाढली की कोणता पक्षी कुठं सरकला, हे दर महिन्याला येणाऱ्यालाच दिसतं.

२. सड्यावर पोचलात की खाली बसा.

पन्हाळ्याजवळचं मसाई पठार श्रावण-भाद्रपदात फुलतं, तेव्हा गाड्याच्या गाड्या तिकडं वळतात. माणसं उभ्यानं फोटो काढतात आणि परत फिरतात. पायाखाली काय चिरडलं, ते त्यांच्या गावीही नसतं. मी नव्या लोकांना एका रांगेत, उघड्या कातळावरून चालायला लावतो. मग हातभर जागा प्रत्येकाला वाटून देतो, सोबत भिंग. अर्धा तास तिथून उठायचं नाही.

सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर माती बोटभर. पावसानं धुऊन निघालेली, नत्राचा तुटवडा असलेली. म्हणून तर इथं किडे खाऊन जगणाऱ्या वनस्पती आहेत. दवबिंदूच्या पानांवरचे चकाकणारे थेंब चिकट असतात. चिलट बसलं की अडकतं आणि पान हळूहळू त्याच्यावर मिटतं. सीतेची आसवं वरून नाजूक जांभळी-निळी फुलं दाखवतात, पण त्यांचे सापळे ओल्या मातीत असतात, टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे. त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारी गेंदाची पांढरी बोंडं, कवल्याची पिवळी फुलं. पंधरा दिवसांनी याच जागी या, रंग पालटलेला असतो. ज्याला आपण ‘पडीक माळ’ म्हणतो आणि सरकारी कागदातही जो बऱ्याचदा तसाच लागतो, त्याच्यावर एवढा संसार आहे, हे गुडघे टेकल्याशिवाय पटत नाही. चिरा आणि बॉक्साइटसाठी हेच सडे खोदले जातात, तेव्हा मला फार यातना होतात.

३. दुर्मीळ झाडाचा पत्ता सांगू नका.

खर्चुडी, म्हणजे कंदीलपुष्प, याच पट्ट्यात सापडते. तिच्या फुलाची रचना बघून मी आजही थक्क होतो. वासानं चिलट नळीत शिरतं. आतले केस खाली झुकलेले, त्यामुळं परतीची वाट बंद. पुढं केस सुकतात आणि चिलट परागपुंज अंगावर घेऊन सुटतं. तिच्या कित्येक जाती जगात फक्त सह्याद्रीत आहेत. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वनस्पतींवर आयुष्य वेचलं. त्यांनी आणि सरदेसाईंनी मिळून केलेला कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ २००२ साली आला. तो मंडळाच्या कपाटात असावाच. फोटो मात्र ठिकाणाशिवाय दाखवा. गाव कळलं की कंद उकरणारे पोचतात.

४. व्याख्यानापेक्षा टेबलावरच्या वस्तू जास्त बोलतात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आज केवढी मोठी आहे. १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जण जमले आणि ती सुरू झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. दर महिन्याला भेटायचं, आपण पाहिलेलं सांगायचं, आणलेले नमुने एकमेकांना दाखवायचे, एवढाच मूळ बेत. तो अजूनही उत्तम आहे. गळालेलं पीस, शेंगा, सापाची कात, सुगरणीचं पडलेलं घरटं आधी टेबलावर मांडा आणि वक्त्याला पाऊण तास द्या.

आणि वक्ता प्राध्यापकच हवा असं नाही. धनगरवाड्यावरच्या मामांना मे महिन्यात गवे कोणत्या झऱ्यावर येतात ते ठाऊक असतं; गवताला त्यांच्याकडं वेगवेगळी नावं असतात. त्यांना शहरातल्या सभागृहात आणून माईकपुढं उभं करू नका, अवघडतात. त्यांच्या अंगणात आपण जाऊन बसावं, ऐकावं, नावं जशीच्या तशी उतरवावीत.

५. प्रत्येक फेरीची नोंद ठेवा: तारीख, वेळ, जागा, हवा, संख्या. आणि जे दिसलं नाही तेही लिहा. मंडळाची वही पोरांच्या हातात द्या, ती जास्त प्रामाणिक असतात.

६. काजव्यांना गर्दी नेऊ नका.

मेअखेर ते मृगाच्या पावसापर्यंत राधानगरीकडची झाडं लुकलुकतात. तो उजेड म्हणजे नरानं मादीला घातलेली साद. मोटारीचा दिवा पडला की ती बुडून जाते. काजव्यांच्या अळ्या पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढतात, त्यामुळं वाट सोडून चालणं म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे तुडवणं. दहा-बारा माणसं न्या, विजेरीला लाल कागद बांधा, फोन खिशात राहू द्या.

७. सापाचं व्याख्यान गावात घ्या, जिवंत साप न आणता.

साप पकडून खेळ दाखवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि त्यातून लोक शिकतात ते फक्त धाडस. चित्रं पुरेशी आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखता आलं पाहिजे. आपल्याकडची लस या चौघांच्याच विषावर आहे. आपला जिल्हा उसाचा, रात्रीच्या विजेवर पाणी पाजणारा. त्यामुळं गमबूट आणि बॅटरी यांवर जास्त बोला. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. चावल्यावर कापणं, चोखणं, करकचून बांधणं नको. अंग हलवू न देता थेट सरकारी दवाखाना.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात करवीर-शिरोळच्या घरांत माणसांइतकेच साप आसऱ्याला आले होते. नदीकाठच्या गावांत हे व्याख्यान मेमध्येच उरकून घ्या, आणि वेळ अशी धरा की बायकांना भाकऱ्या आटोपून येता येईल.