पाण्याखालचा कॅमेरा

नांदेडास गोदातीरीं वाढलेल्या विद्यार्थ्यांस समुद्राची ओढ वाटावी, हें साहजिकच होय. मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळ पाहतां येतो. तेथें कॅमेरा नेणाऱ्यानें तो केवळ हातांत न धरतां जाकिटाच्या कडीस दोरीनें अडकवावा. दोरी आंखूड असावी, म्हणजे ती प्रवाळांत गुंतत नाहीं. आंकडा एका हातानें सुटणारा असावा. हवेच्या नळीस मात्र तो कधींहि बांधूं नये.

एवढी दक्षता कशास? सुटलेला कॅमेरा वर तरंगूं लागला, कीं त्यामागें धांवण्याचा मोह होतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो; तेथून श्वास रोखून झटकन् वर येणाऱ्याच्या फुप्फुसांतील हवा फुगते व तीं फाटूं शकतात. कॅमेरा दुसरा घेतां येईल. गेलेले प्राण परत येत नाहींत.