काळजी कुठवर ठीक, आणि दवाखाना कधी?



गेल्या गुरुवारी उपासनेनंतर काळजीचा विषय निघाला आणि घरी जायला चांगलाच उशीर झाला. कुणाला बारावीची, कुणाला सासूबाईंच्या गुडघ्याची, कुणाला पुण्यात एकट्या राहणाऱ्या मुलाची. "माळ हातात आणि जीव फोनमध्ये," असं एक ताई म्हणाल्या, सगळ्याच हसलो.

काळजी मुळात वाईट नाही. ती आहे म्हणून आपण गॅस बंद केलाय का ते बघतो. धोका वाटला की छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, ही शरीराची तयारी. रिपोर्ट चांगला आला की झोप लागते. इथवर ठीक.

पण एक काळजी मिटली की मन लगेच दुसरी शोधतं, आवरू म्हटलं तरी आवरत नाही, सोबत झोप उडते, चिडचिड होते, मान-खांदे आखडतात. बहुतेक दिवस असंच चाललं असेल तर डॉक्टर साधारण ६ महिन्यांचं माप धरतात. म्हणून आपण ६ महिने कॅलेंडर बघत बसायचं नाही हं! स्वयंपाक, नोकरी, बाहेर जाणं अडायला लागलं की तेव्हाच दाखवावं.

त्या ताईंचंच घ्या. मुलाने फोन उचलला की बरं वाटतं, अर्ध्या तासाने पुन्हा हुरहुर. दर फोनला मन एवढंच शिकतं की फोन केला म्हणून तो सुखरूप आहे. त्यापेक्षा रात्रीची एक वेळ ठरवावी. सुरुवातीला जीव वरखाली होतो, पण फोन न करताही तो हळूहळू निवतो. हे ज्याचं त्यानेच अनुभवायचं. घरच्यांनी "उगाच काळजी करतेस" म्हणून काही होत नाही.

कुणाला अचानक दम लागतो, आता मरतोच असं वाटतं. घबराटीचा असा झटका बहुधा १० मिनिटांच्या आत कळसाला जातो नि मग ओसरतो. तरी छातीत दुखलं तर "टेन्शनच असेल" असं घरच्या घरी ठरवू नये, आधी दवाखाना. थायरॉईड वाढलं, रक्त कमी झालं तरी धडधडतं. (आणि दिवसाला ६ कप चहा!)

"नाम घे, श्रद्धा वाढव" असं आपण प्रेमानेच म्हणतो. पण आजारी माणूस त्यातून "माझीच भक्ती कमी पडली" एवढंच घेतो नि गप्प बसतो. साखरेची गोळी घेऊन आपण जप करतोच ना? तसंच इथेही. समुपदेशनाने खूप फरक पडतो. गोळ्या दिल्या तर मनाने बंद करू नयेत.

सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर २०२२ पासून आहे. फोन फुकट, दिवसरात्र, आपल्या भाषेत बोलता येतं. बेळगावकरांना धारवाडचं डिमहान्स जवळ, गोव्यात बांबोळी, हैदराबादेत एर्रागड्डा. कुणी "आता जगणं नको" असं बोललं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी घेऊन जा. सोबत कुणी हवं असेल तर ग्रुपवर न लिहिता आमच्यापैकी कुणालाही वेगळा मेसेज करा.